मुलाखतीचा कोट : पैठण गेटजवळच्या एका जुन्या शिलाई दुकानाविषयी

मुंबईच्या एका व्यवस्थापन संस्थेत प्रवेश निश्चित झाला तेव्हा आमच्या जालन्याच्या घरी शुल्क, शैक्षणिक कर्ज आणि राहण्याची सोय या तीन विषयांवर महिनाभर खल चालला होता; कोट हा विषय कोणाच्या ध्यानीमनीही नव्हता. वर्ग सुरू होऊन तीन आठवडे होतात न होतात तोच प्लेसमेंट समितीची सूचना आली की, इंटर्नशिपच्या मुलाखतींसाठी प्रत्येकाकडे गडद रंगाचा, अंगाला नीट बसणारा ब्लेझर आणि त्याच कापडाची पँट असलीच पाहिजे. ज्यांना या अभ्यासक्रमाची रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते : इंटर्नशिप पहिल्या वर्षाच्या शेवटी, उन्हाळ्यात दोन महिन्यांची असते, परंतु तिच्या मुलाखती बऱ्याच संस्थांमध्ये दिवाळीच्या आगेमागे उरकतात. म्हणजे ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक यांतला फरक धड कळण्यापूर्वीच विद्यार्थ्याला कंपनीच्या माणसांसमोर बसावे लागते आणि त्या वेळी अंगावर कोट असावा लागतो. मी माझा कोट छत्रपती संभाजीनगरात शिवून घेतला. त्याला आता वर्ष उलटले असून तो मी पुष्कळ वापरला आहे, त्यामुळे त्याविषयी आणि तो शिवणाऱ्या दुकानाविषयी सविस्तर लिहिण्याइतका अनुभव गाठीशी आहे.

आधी मी मुंबईतच तयार कोट शोधला. त्यात दोन रविवार आणि पुष्कळ पायपीट खर्ची पडली. मुलींच्या तयार ब्लेझरमध्ये मला सर्वांत खटकले ते खिसे. बाहेरून खिशाची पट्टी दिसते, परंतु बोट आत घालायला गेले की शिवण लागते. काही कोटांना खिसा असतो, पण त्यात ओळखपत्र ठेवले तर मोबाइल मावत नाही. खांदे बसावेत असा कोट घेतला तर छातीवर बटण लागत नव्हते, आणि छातीला बसणारा घेतला तर खांद्याची शिवण दंडावर उतरत होती. विक्रेते प्रत्येक वेळी ‘अल्टर करून देऊ’ असे सांगत. बाही आखूड करता येते, कंबर आत घेता येते, परंतु उतरलेला खांदा दुरुस्त करायचा म्हणजे कोट निम्मा उसवावा लागतो, हे मला तेव्हा माहीत नव्हते. ते नंतर माझा कोट शिवणाऱ्या मास्तरांनी समजावले. मी पाहिलेल्या कोट-पँटच्या किमती 7,500 ते 9,000 रुपयांच्या दरम्यान होत्या. शैक्षणिक कर्जावर शिकणाऱ्या मुलीने, न बसणाऱ्या आणि खिसे नसलेल्या कपड्यासाठी एवढे पैसे मोजावेत हे मनाला पटेना.

महालक्ष्म्यांसाठी घरी आले तेव्हा हे रडगाणे आत्याच्या कानावर घातले. आत्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठात वकिली करते आणि तिचे सर्व कोट गेली अनेक वर्षे एकाच ठिकाणी शिवले जातात. पैठण गेटकडून गुलमंडीच्या दिशेने जाताना एका बोळात हे दुकान आहे. पाटीवरचे नाव उन्हाने पुसले गेले आहे आणि आसपासचे लोक ‘वकिलांच्या कोटाचे दुकान’ एवढ्याच नावाने ते दाखवतात. दुकान दहा फूट रुंदही नसेल. पुढे कापण्याचे टेबल, मागे तीन मशीन, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले अर्धवट कोट आणि कोपऱ्यात कोळशाची एक जुनी इस्त्री, जी आता केवळ कापड दाबून ठेवण्याच्या कामी येते. मालक साठीपुढचे असून सर्वजण त्यांना मास्तर म्हणतात, आत्या मात्र चाचा म्हणते. म्हणून मीही चाचाच म्हणू लागले.

त्यापूर्वी त्याच रस्त्यावरच्या दोन दुकानांत मी चौकशी केली होती. एकाने मुलींचा कोट शिवत नसल्याचे सांगितले, तर दुसऱ्याने पंजाबी सूटचे दुकान पुढे आहे म्हणून हात दाखवला. या दुकानात तसे काही झाले नाही आणि त्याला कारण आहे. 1981 पासून या शहरात खंडपीठाचे कामकाज चालू आहे. वकिलांची संख्या वाढली, त्यात महिला वकीलही आल्या, आणि काळा कोट हा त्यांचा रोजचा पोशाख असल्यामुळे तो अंगावर नीट बसणे ही चैनीची बाब राहिली नाही. कोटातल्या बाईचे माप कसे घ्यायचे, हे मास्तर या गिऱ्हाइकांकडून शिकले. त्याआधीची पिढी शेरवानीची होती. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि त्या राज्यात शेरवानी हा प्रतिष्ठितांचा पोशाख होता. मास्तरांचे वडील शेरवान्याच शिवत. शेरवानीची छाती सरळ राहावी आणि उभी कॉलर गळ्याभोवती न वाकता बसावी, म्हणून कापडाच्या आत कॅनव्हासचा थर हाताने टाके घालून बसवावा लागतो. इंग्रजी पद्धतीच्या कोटालाही हेच कसब लागते, आणि ते ज्याच्या हातात आहे असा कारागीर आता शोधावा लागतो.

माप घेण्याचा प्रसंग मला विशेष लिहावासा वाटतो, कारण एवढ्या मोठ्या संस्थेच्या सूचनापत्रात नसलेले प्रश्न या माणसाने विचारले. दिवसातून किती वेळ बसावे लागते? उभे राहून बोलावे लागते का? फळ्यावर लिहावे लागते का? खोलीत एसी असतो का? कामावर जाताना कोट अंगात असतो की हातात? मी सांगितले की, आठवड्यातून एकदोनदा गटाने सादरीकरण करावे लागते, त्यात फळ्यावर आकृत्या काढाव्या लागतात, सभागृहातला एसी इतका थंड असतो की मुली शाल आणतात, आणि लोकलमध्ये कोट घालून चढणे अशक्य असल्यामुळे तो पिशवीत न्यावा लागतो. त्यांनी मला स्टुलावर बसवून कंबरेचे माप पुन्हा घेतले, दोन्ही हात पुढे करायला लावून पाठीची रुंदी मोजली आणि मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काखेभोवतीचा घेर, उंच ठेवणार असल्याचे सांगितले. मुंढा उंच म्हणजे कोट काखेत घट्ट होईल अशी मला शंका आली. प्रत्यक्षात उलट घडते. मुंढा खाली असला की हात वर करताना बाहीबरोबर सगळा कोटच वर ओढला जातो. तो काखेजवळ असला की हात हलतो आणि कोट जागेवर राहतो. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहिताना आज मला या गोष्टीची किंमत कळते, कारण आमच्या गटातल्या तयार कोटवाल्यांची पाठ त्या वेळी कुबड निघाल्यासारखी दिसते.

रंगाबाबत मी काळाच म्हणत होते. “काळा घातलास तर लोक तुला पुढची तारीख विचारतील, बेटा,” असे म्हणून त्यांनी तो विषय संपवला आणि गडद निळा सुचवला. वडील सोबत होते. संभाजीनगरात कपडे शिवायचे तर हिमरू कुठेतरी दिसली पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. हिमरू हे सूत आणि रेशीम एकत्र विणून केलेले या शहराचे प्रसिद्ध कापड. मुहम्मद तुघलकाने चौदाव्या शतकात राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा त्याच्याबरोबर आलेल्या विणकरांशी लोक त्याचा संबंध जोडतात. मास्तरांनी वरच्या खिशावर हिमरू लावायला साफ नकार दिला, परंतु शेरवानीतून उरलेली बोटभर रुंदीची एक पट्टी आतल्या खिशाच्या तोंडाला लावून दिली. ती मला सोडून कोणाला दिसत नाही. वडिलांचे समाधान झाले, हे महत्त्वाचे.

दुकानात कापड विकत नाहीत, ते बाहेरून आणावे लागते. मास्तरांच्या सांगण्यावरून आम्ही गुलमंडीतून 2.75 मीटर टेरीवूल, म्हणजे पॉलिस्टर आणि लोकर मिसळलेले कापड, आणले. निव्वळ पॉलिस्टरचे कापड स्वस्त असते आणि त्याला सुरकुती पडत नाही, पण ते घाम धरून ठेवते. लोकर मिसळलेले कापड तुलनेने हवा खेळू देते. दमट मुंबईसाठी पाठीला अर्धेच अस्तर लावायचे आणि बाह्यांना मात्र पूर्ण, कारण अस्तर नसलेली बाही शर्टावरून सरकत नाही, हा निर्णयही त्यांचाच. मला एवढे सर्व त्या वेळी समजले असे नाही. कापडाचा दर मीटरला 640 रुपये, म्हणजे 1,760 रुपये. कोटाची शिलाई अस्तर, कॅनव्हास आणि बटणे धरून 2,800 आणि पँटची 600. एकूण 5,160 रुपये. वडिलांचे बियाणे आणि खतांचे दुकान आहे आणि घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला तोंड देण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही, पण इथे गिऱ्हाईक होऊन त्यांनी तासभर खटपट केली तरी मास्तरांनी एक रुपया कमी केला नाही. ज्येष्ठ वकिलाला जो दर, तोच विद्यार्थिनीला. किंमतनिश्चितीच्या तासाला आम्हाला शिकवतात की, गिऱ्हाइकाची ऐपत आणि गरज पाहून दर वेगवेगळे ठेवता येतात. दिवाळीच्या तोंडावर मुलाखतीसाठी अडलेल्या मुलीकडून मास्तर सहज हजार रुपये जास्त घेऊ शकले असते, हे त्या तासाला बसले असताना माझ्या मनात आल्यावाचून राहिले नाही.

महालक्ष्म्या बसण्याच्या आदल्या दिवशी माप दिले आणि विसर्जनानंतर ट्रायलला गेले. कोट तेव्हा पांढऱ्या दोऱ्याच्या कच्च्या टाक्यांवर उभा होता, उजवी बाही लावलेलीच नव्हती. मास्तरांनी खडूने खुणा केल्या, डावा खांदा उजव्यापेक्षा किंचित खाली असल्याचे मला आयुष्यात प्रथमच सांगितले आणि त्या बाजूला आतून पातळ थर वाढवला. येथे एक तक्रार नोंदवते. दुकानात कपडे बदलायला खोली नाही; मशीनच्या मागे दोरीला पडदा लावलेला आहे आणि पलीकडे कारागीर काम करत असतात. ते सभ्यपणे बाहेर जाऊन उभे राहिले, तरीही एकट्या मुलीला हे अवघड वाटेल. आत्या सोबत नसती तर मी पँटची ट्रायल घेतलीच नसती. खरे म्हणजे तीही घाईत, नीट खाली न बसताच घेतली आणि त्याचा फटका पुढे बसला.

दुसरी तक्रार वेळेची. अष्टमीला देतो असे सांगितलेला कोट दसरा होऊन चार दिवसांनी मिळाला. नवरात्रापासून लग्नसराईचे काम सुरू होते आणि तीन कारागिरांच्या दुकानात एखाद्या लग्नघरच्या पाच शेरवान्या आल्या की बाकी सर्व कामे मागे पडतात. आम्हाला वर्गात याचे आलेख काढायला लावतात. इथे आलेखाशिवायच ते समजते. दूरध्वनी करून उपयोग नसतो, कारण दुपारी तो कोणी उचलत नाही आणि शुक्रवारी नमाजाच्या वेळी दुकान बंद असते. पावती म्हणजे माप लिहिलेल्या कागदाचा फाडलेला अर्धा तुकडा. तो हरवला तर आपले नाव सांगून नशिबावर विसंबावे लागते. आत्याने तीन खेपा घालून कोट ताब्यात घेतला, आणि माझ्या पहिल्या मुलाखतीला सहा दिवस उरले असताना वडील तो घेऊन रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईला आले. बर्थवर कोट टांगून ठेवला तर चोरीला जाईल, अशी त्यांना भीती वाटली, म्हणून रात्रभर मांडीवर घेऊन बसले होते.

कोट पहिल्या क्षणी बसला. पँट बसली नाही. उभी राहिले की ती ठीक होती, परंतु खुर्चीवर बसताच मांडीवर ताणली जात होती. मास्तर वकील महिलांचे कोट वर्षानुवर्षे शिवत आले असले तरी त्यातल्या बहुतेकजणी कोट साडीवर किंवा सलवार-कुर्त्यावर घालतात. बायकांच्या पँटचा त्यांना तेवढा सराव नाही, असा माझा अंदाज आहे. संभाजीनगरला परत पाठवायला वेळ नव्हता. वसतिगृहाजवळच्या एका शिंप्याकडे नेली, तर त्याने ती उलटी करून पाहिली आणि कोणी शिवली ते विचारले. दोन्ही बाजूंच्या शिवणीत दीड-दीड इंच माया, म्हणजे पुढे सैल करता यावे म्हणून आत दुमडून ठेवलेले जादा कापड, सोडलेली होती. वीस मिनिटांत, 120 रुपयांत पँट सैल झाली. तयार कपड्यांत एवढी माया कोणी ठेवत नाही, कारण ते कापड म्हणजे कारखान्याचा खर्च असतो.

मुलाखतींच्या दिवसाचे वर्णन करायचे तर सकाळी सात वाजता लेडीज डब्यात हातात आच्छादन घातलेले कोट धरून उभ्या असलेल्या मुली, हे चित्र प्रथम डोळ्यांपुढे येते. संस्थेत पोहोचल्यावर प्रसाधनगृहातल्या एका आरशासमोर दहाबारा जणी कॉलर सारख्या करतात. त्यानंतर यादी लागते, गटचर्चा होते, गटचर्चेतून उरलेल्यांची पुढची यादी लागते, आणि मधला सर्व वेळ प्लास्टिकच्या खुर्च्यांवर कोट घालून, हातात बायोडाटाची फाइल धरून वाट पाहण्यात जातो. पहिल्या दिवशी मी साडेपाच तास वाट पाहिली आणि दोन कंपन्यांसमोर मिळून पस्तीस मिनिटे बोलले. अशा वेळी कोट कसा दिसतो यापेक्षा तो अंगावर आहे याचा विसर पडणे महत्त्वाचे ठरते. मला तो पडला. आतल्या खिशात पेन आणि ओळखपत्र, बाहेरच्या खऱ्याखुऱ्या खिशांत मोबाइल आणि सुपारी. ही सुपारी आईने दिलेली, तिच्याविषयी अधिक लिहीत नाही. कोटामुळे निवड झाली असे म्हणणे हास्यास्पद होईल, आणि पहिल्या दिवशी निवड झालीही नाही. ती चौथ्या कंपनीत झाली. परंतु त्या चारही वेळा मी बाह्या ओढत किंवा बटण चाचपत बसले नव्हते.

त्यानंतर हा कोट चाळीसेक वेळा अंगावर चढला असेल. सादरीकरणे, कंपन्यांची माहितीसत्रे, इतर संस्थांमधल्या स्पर्धा, सर्वत्र तो चालतो. चर्चगेटच्या जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्थेत जा, नाहीतर 2023 मध्ये आयआयएम मुंबई झालेल्या पवईच्या संस्थेत, सभागृहात हाच गडद रंगांचा समुदाय दिसतो आणि त्यात कोणाचा कोट कोणत्या दुकानातून आला ते लांबून कळत नाही. जवळून मात्र कळते, विशेषतः एक पावसाळा गेल्यावर. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीने त्याच सुमारास मॉलमधून घेतलेल्या कोटाच्या छातीवर जुलैत फुगे आले. स्वस्त कोटांत कापड आणि आतला थर उष्णतेने डिंक वितळवून चिकटवलेला असतो. दमट हवा आणि ड्रायक्लीनिंग यांनी डिंक जागोजाग सुटतो आणि कापड पापडासारखे उचलले जाते. त्यावर इस्त्रीचा उपाय फार काळ टिकत नाही. माझ्या कोटात कॅनव्हास टाक्यांनी बसवलेला असल्यामुळे सुटण्यासारखे काही नव्हते. तीनदा ड्रायक्लीन होऊनही लॅपलची, म्हणजे छातीवर उलटून येणाऱ्या कॉलरच्या पट्टीची, वळणाची रेघ जशी होती तशी आहे. बटणांविषयी मात्र चांगले लिहिता येत नाही. ती साधी प्लास्टिकची होती, त्यांपैकी दोन धुलाईत तडकली आणि सगळी बदलावी लागली. काज हाताने केलेली आणि सुबक आहेत, म्हणून बटणांचा हलकेपणा अधिकच डोळ्यांत भरत होता. कापडाबरोबर बटणेही आपणच चांगली विकत घेऊन द्यावीत.

जालना, परभणी, बीडकडून मुंबई-पुण्याला व्यवस्थापन शिकायला जाणाऱ्या मुलामुलींनी, विशेषतः मुलींनी, कोट जाण्यापूर्वीच येथे शिवून घ्यावा असे मला वाटते. प्रवेशाच्या फेऱ्या चालू असतानाचा काळ त्यासाठी उत्तम, कारण तेव्हा लग्ने नसतात आणि मास्तरांना सवड असते. सांगितलेल्या तारखेत किमान आठवडा मिळवावा. पँटची ट्रायल खुर्चीवर बसून घ्यावी आणि मास्तर घाई करू लागले तरी उठू नये; पँट दुसरीकडे शिवली तरी चालेल, कापड तेवढे एकाच ताक्यातले असावे. ज्यांना दोन दिवसांत कोट हवा आहे त्यांनी या बोळात शिरण्याचे कष्ट घेऊ नयेत. पैसे आता मोबाइलवरून देता येतात. मास्तरांच्या पुतण्याने मशीनच्या वर कोड चिकटवला आहे.

यंदा माझे दुसरे वर्ष आहे आणि अंतिम प्लेसमेंटच्या मुलाखती तोंडावर आल्या आहेत. इंटर्नशिपचे दोन महिने किराणा दुकानांतून हिंडून वडापाव खाल्ल्यामुळे कोट कंबरेत आवळू लागला होता, म्हणून महालक्ष्म्यांना आले तेव्हा तो पुन्हा मास्तरांकडे दिला. त्यांनी शिवण उघडून आतली माया दाखवली आणि ती अजून एकदा सोडण्याइतकी शिल्लक असल्याचे सांगितले. कामाचे 150 रुपये ठरले आहेत. शनिवारी देतो म्हणाले आहेत. मी सोमवारच्या रात्रीचे तिकीट काढले आहे.